‘मेंटल’ची शिवी झाली, ‘टेन्शन’ घरचे झाले

पनवेलच्या दवाखान्यात मनाची तक्रार घेऊन आलेला माणूस दोन भाषांत बोलतो. त्रास सांगताना तो मराठीत असतो. कशात मन लागत नाही, जेवण गोड लागत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, छातीवर दडपण येते, उमेदच राहिली नाही. आजाराचे नाव घ्यायची वेळ आली की मात्र तो इंग्रजीकडे वळतो: टेन्शन, स्ट्रेस, डिप्रेशन. उपचाराचे शब्दही तिकडचेच: काउन्सेलिंग, सेशन, फॉलोअप. याची कारणे सहसा दोन सांगितली जातात. मराठी माणसाला इंग्रजीची हौस आहे, हे एक. आणि मराठीत या दुखण्याला शब्दच नव्हते, हे दुसरे. पनवेल आणि आसपासच्या मुलखाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही दोन्ही कारणे टिकत नाहीत. या शब्दांचे भवितव्य ठरवले ते त्यांच्यासोबत आलेल्या संस्थांनी. ज्या संस्थेने माणसाला भिंतीआड ठेवले तिचा इंग्रजी शब्द शिवी झाला, आणि जिथून माणूस औषध घेऊन संध्याकाळी घरी परतला तिथला इंग्रजी शब्द घरात शिरला. म्हणूनच नैराश्य आणि मानसिक आधार यांविषयीचे इंग्रजी शब्द आज शिकायचे, तर त्यांच्या मागे उभी असलेली व्यवस्था काय देते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

शब्द नव्हते हा समज पनवेलपुरता तरी सहज दूर होतो. 1852 मध्ये नगरपालिका मिळालेले हे गाव भाताच्या व्यापाराचे, बंदराचे, आणि त्याबरोबर वैद्यकीचेही होते. 1872 मध्ये इथेच श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना उभा राहिला. पुराणिक वैद्यांच्या घराण्याने सुरू केलेल्या या कारखान्याची आसवे, अरिष्टे आणि भस्मे पुढे देशभर गेली. या वैद्यांची परंपरा मनाच्या दुखण्याला अनोळखी नव्हती. उन्माद आणि अपस्मार यांचे स्वतंत्र विचार आयुर्वेदात आहेत, आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. गीतेचा पहिला अध्यायच अर्जुनाच्या विषादाचा. संतांच्या मराठीत ‘उदास’ हा शब्द पुष्कळदा विरक्तीच्या अंगाने येतो आणि तिथे तो गुण मानला जातो. याचा अर्थ असा की मन खचणे या अनुभवाला आपल्याकडे वैद्यकात, तत्त्वज्ञानात आणि भक्तीत जागा होती. नव्हती ती एक वेगळी जागा. आपण आजारी आहोत, पण वेडे नाही, असे चारचौघांत म्हणून मदत मागता येईल असे ठिकाण गावात नव्हते. खचलेला माणूस वैद्याकडे गेला तर अंगाच्या तक्रारी सांगे, देवऋषाकडे गेला तर बाहेरच्या बाधेचे बोले, आणि बाई असेल तर पहाटे जात्यावर बसून ओवीत मन मोकळे करी. गी पॉइतेवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात आहेत. त्यांतला मोठा भाग सासर, माहेर, एकटेपण आणि अपमान यांनी भरलेला आहे. तो ऐकणारी दुसरी बाई समोरच, त्याच खुंट्याला हात लावून बसलेली असे. आधाराची ही पद्धत मजबूत होती, पण ती कामात मिसळलेली होती. काम गेले की तीही जाणार होती.

पनवेलच्या माणसाला मनाच्या दुखण्यावरची पहिली इंग्रजी संस्था भेटली ती ल्युनॅटिक असायलमच्या रूपाने. मुंबईत कुलाब्याला 1826 मध्ये असे असायलम उभे राहिले होते. कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले त्याच 1858 साली असायलमचा कायदा झाला. रत्नागिरीचे इस्पितळ 1886 चे. 1901 मध्ये नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून ठाण्याचे असायलम उभे राहिले, आणि पनवेलसाठी तेच सर्वांत जवळचे ठरले. 1912 च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टखाली इथली नेहमीची वाट मॅजिस्ट्रेटच्या हुकमावरून जाई. स्वतःहून दाखल होण्याची सोय त्या कायद्यात होती खरी, पण त्यासाठीही असायलमच्या दोन व्हिजिटरांची संमती लागे. म्हणजे आजारपणाचा निवाडा वैद्याइतकाच न्यायाधीशही करी. या व्यवस्थेत माणसाचे दोनच प्रकार होते. जो धोकादायक किंवा निराधार ठरला तो वेडा. बाकी सारे शहाणे. जिचे महिनोन्महिने कशात मन लागत नाही, पण जी चूल पेटवते आणि पाणी भरते, अशा बाईला त्या कागदावर रकानाच नव्हता.

1920 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने या संस्थांचे नाव बदलले. असायलमचे मेंटल हॉस्पिटल झाले. हेतू चांगला होता. वेड्यांचा कोंडवाडा ही ओळख पुसून रुग्णालय ही ओळख यावी, असा तो होता. पण भिंती त्याच राहिल्या, दाखल करण्याची रीत तीच राहिली, आणि आत गेलेल्या माणसाची वर्षे तशीच आत जात राहिली. मग लोकांनी नव्या शब्दाला जुनाच अर्थ दिला. ‘मेंटल आहेस का?’ हा प्रश्न आज पनवेलच्या शाळेतले पोरही भांडणात फेकते, आणि ‘ठाण्याला पाठवायला पाहिजे’ हे वाक्य मुंबईपासून रायगडपर्यंत कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. पुण्यात तीच भूमिका येरवड्याच्या मनोरुग्णालयाकडे आली. इंग्रजी शब्द आला की लाज कमी होते, असे मानणाऱ्यांनी या शब्दाचा प्रवास बघावा. ‘मेंटल’ हा शुद्ध इंग्रजी, तटस्थ, वैद्यकीय शब्द होता. तो ज्या दारावर लिहिला गेला त्या दाराने त्याची शिवी केली. ‘शॉक’ची गोष्ट तशीच. 1938 मध्ये रोममध्ये सुरू झालेली विजेच्या झटक्यांची उपचारपद्धती तीव्र नैराश्यात गुणकारी ठरते. पण भूल न देता ती वापरली जाण्याच्या काळात जी दहशत बसली, ती त्या शब्दाला अजून चिकटून आहे. भूल न देता हा उपचार करण्यावर कायद्याने बंदी आली ती 2017 मध्ये.

‘टेन्शन’ची वाट मात्र वेगळी होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी 1938 मध्ये मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, तेव्हा इथे या आजारांवरचा उपचार सर्वसाधारण रुग्णालयाच्या छपराखाली आला. माणूस सकाळी जाऊन दुपारी परत येऊ शकत होता. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात नैराश्यावरची पहिली औषधे निघाली. त्यामुळे एरवी अंगदुखी आणि अशक्तपणावर टॉनिक लिहून देणाऱ्या फॅमिली डॉक्टरच्या हातातही काहीतरी आले. याच काळात पनवेल बदलू लागले. 1964 मध्ये दिव्याहून रेल्वे आली. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल, उरणची भातशेती व मिठागरे नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. 1984 च्या जानेवारीत या जमिनींच्या प्रश्नावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. पुढे हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली. एका पिढीत आगरी माणूस शेतकऱ्याचा प्रकल्पग्रस्त झाला, आणि कामोठे-खारघरच्या इमारतींत देशभरातून आलेली कुटुंबे बंद दाराआड राहू लागली. जाते गेले, खळे गेले, लावणीला एकत्र वाकणाऱ्या बायांची रांग गेली. ज्या कामांच्या पोटात विचारपूस होत असे ती कामेच उरली नाहीत. दुःख तेवढेच राहिले असेल किंवा वाढले असेल. ते बोलण्याच्या जागा मात्र नक्की घटल्या. त्या रिकाम्या जागेत ‘टेन्शन’ आले. हा शब्द कोणाला वेडा ठरवत नव्हता. त्यात दोष माणसाचा नव्हता, परिस्थितीचा होता: कर्जाचे टेन्शन, मुलीच्या लग्नाचे टेन्शन, केसच्या तारखेचे टेन्शन. कुठल्याही दवाखान्यात तो उच्चारता येत होता आणि उच्चारून घरी परतता येत होते.

हे केवळ अनुमान नाही. शेजारच्या गोव्यात 1996 मध्ये सुरू झालेल्या संगत या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षे अभ्यासला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, नैराश्य असलेल्या गोव्यातल्या स्त्रियांनी आपले दुखणे शरीराच्या तक्रारींतून मांडले; कारण विचारल्यावर मात्र पैशाची चणचण आणि संसारातला त्रास सांगितला. त्यांना आपल्या दुःखाचे मूळ कळत होते. त्यांनी त्याला मनाचा आजार म्हटले नव्हते, इतकेच. याच गटाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित अशा स्थानिक समुपदेशकांमार्फत उपचार करून पाहिले. मानसिक आजाराचे लेबल न लावता ताणाच्या भाषेत बोलून, धीर देऊन, गरज असेल तिथे औषध देऊन. सरकारी केंद्रांत त्याचा स्पष्ट फायदा झाल्याचे 2010 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना परवडणारा आणि पेलणारा शब्द घेऊन गेले तर लोक येतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा क्वचित मिळेल.

मग ‘टेन्शन’वरच का थांबू नये? कारण तो शब्द दार उघडतो, पण आत किती खोल जायचे ते सांगत नाही. परीक्षेचे टेन्शन आणि जगणे नकोसे होणे, दोन्ही त्याच एका शब्दात मावतात. इथे ‘डिप्रेशन’चे काम सुरू होते. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. 1996 पासून तो जिल्हा पातळीवर उतरवायला सुरुवात झाली, आणि महाराष्ट्रातून सुरुवातीच्या काळात निवडलेल्या जिल्ह्यांत रायगड होता. कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय झाले. शेजारच्या कर्जतला डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या गावी पोचवण्याचे केंद्र उभारले, आणि त्या कामाला 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2015 मध्ये दीपिका पदुकोणने आपल्या आजाराबद्दल जाहीरपणे सांगितले, 2017 चा जागतिक आरोग्य दिन नैराश्यावर बोलण्यासाठी राखला गेला, आणि ‘डिप्रेशन’ हा शब्द घराघरांत पोचला. दवाखान्यात त्यामागे एक साधे, मोजके हत्यार असते. 2001 पासून जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असे किती दिवस? उदास वाटले असे किती दिवस? मग झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दलची वाईट भावना, एकाग्रता, हालचालीतला मंदपणा किंवा अस्वस्थता, आणि शेवटी मरणाचे विचार. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. साधारणपणे 10 किंवा त्याहून जास्त गुण झाले तर नीट तपासणी हवी. या प्रश्नावलीची खुबी अशी की नावाखेरीज तिच्यातले सगळे मराठीत सांगता येते. कशात मन लागत नाही, हा तिचा पहिलाच प्रश्न आहे. मराठीतल्या जुन्या तक्रारींना दोन आठवडे ही मुदत आणि किती दिवस हे माप मिळाले, एवढेच नवे. आणि तेवढ्याने फरक पडतो, कारण माप आले की उपचाराचा गुण आला की नाही हेही कळते.

आधाराचे शब्द मात्र असे इंग्रजीतून आले नाहीत, आणि ही बाब या साऱ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लंडनमध्ये 1953 मध्ये चॅड वराह यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोनची सेवा सुरू केली. त्या परंपरेने जगाला एक नियम दिला: आधार देणाऱ्याने उपदेश करायचा नाही, ऐकायचे. हा नियम महाराष्ट्रात आला तेव्हा कार्यकर्त्यांनी त्याला मराठी नावे दिली. 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू झाली. ठाण्या-पुण्याच्या स्वमदत गटांत मनोरुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द रुळले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात गावातल्याच माणसांना ऐकण्याचे शिक्षण देणारा प्रकल्प ‘आत्मीयता’ या नावाने उभा राहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा डॉ. मोहन आगाशे यांनी निर्मिलेला चित्रपट नैराश्यातल्या मुलाला विनाप्रश्न आसरा देणाऱ्या बाईची गोष्ट सांगतो. 2017 मध्ये त्याला सुवर्णकमळ मिळाले. आजाराचे नाव परके चालले, पण जवळ बसण्याचे नाव आपले लागले. याचे कारण उघड आहे. निदान एकदा ऐकायचे असते. धीर रोज द्यायचा असतो, आणि तो आईच्या, शेजारणीच्या, मित्राच्या भाषेतच पोचतो.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, ‘नैराश्य’ असताना ‘डिप्रेशन’ कशाला? ‘नैराश्य’ शब्दाला मी कमी लेखत नाही. या लेखातही तो आलाच आहे. पण वर्तमानपत्रांनी त्याचे काय केले ते पाहावे. ‘नैराश्यातून आत्महत्या’ हा मथळा इतका ठरीव झाला आहे की नापास होणे, प्रेमभंग किंवा कर्ज आणि त्यातून उचललेले पाऊल असा सरळ हिशोब वाचकाच्या डोक्यात बसतो. उपचार या शब्दाला त्या वाक्यात जागाच नसते. ‘डिप्रेशन’ म्हटले की निदान ‘डॉक्टर काय म्हणाले?’ हा पुढचा प्रश्न येतो. ‘नैराश्य’पाठोपाठही तोच प्रश्न येऊ लागेल त्या दिवशी इंग्रजी शब्दाची गरज संपेल. तो दिवस यावा यासाठी झटावे, पण तोवर लोकांच्या हातातला चालता शब्द काढून घेऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. जमीन गेली, रोजगार गेला, म्हणून खचलेल्या माणसाला आजारी ठरवणे म्हणजे अन्यायाला गोळीने झाकणे नव्हे काय? प्रकल्पग्रस्ताला भरपाई हवी, समुपदेशन नव्हे, असे म्हणणाऱ्याचे मला पटते. दोन्हींत निवड करावी लागते, हे मात्र पटत नाही. ज्याला महिनाभर झोप नाही त्याला तारखेला कोर्टात उभे राहण्याचे बळ कुठून येणार? कायद्यानेही ही सांगड स्वीकारली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला दंड संहितेचे कलम 309 गुन्हेगार ठरवत असे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 ने असे गृहीत धरायला सांगितले की ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, आणि सरकारवर तिच्या काळजीची जबाबदारी टाकली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेच नाही. लोक ज्याला टेन्शन म्हणत आले तेच अखेर कायद्याच्या भाषेत आले, आणि गुन्हेगाराच्या जागी मदतीचा हक्कदार उभा राहिला.

तिसरा आक्षेप घरातल्या अनुभवाचा आहे. आपल्याकडे नातीगोती आहेत, इंग्रजी पद्धतीचा ‘इमोशनल सपोर्ट’ शिकायची गरज काय? नातीगोती आहेत, पण त्यांची सवय समजूत काढण्याची आहे. ‘मनावर घेऊ नकोस’, ‘लोकांचे बघ, तुझे काय एवढे’, ‘देवाचे नाव घे, सगळे ठीक होईल’ ही वाक्ये मायेनेच बोलली जातात, आणि खचलेल्या माणसाचे तोंड बंद करतात. जात्यावर समोर बसलेली बाई असे काही बोलत नव्हती. ती ओवी पुरी होऊ देत होती. नव्या पद्धतीने जे शिकवले ते आपल्याच जुन्या चालीजवळ जाणारे आहे. म्हणून परिचारिका, आशा सेविका, शिक्षक आणि कॉलेजातली मुले यांनी ‘डिप्रेशन’, ‘अँक्झायटी’, ‘पॅनिक अटॅक’, ‘रिलॅप्स’ हे शब्द नेमक्या अर्थाने जरूर शिकावेत. डॉक्टरांशी बोलताना, चिठ्ठी वाचताना, औषधाचा परिणाम विचारताना ते उपयोगी पडतात. चार दिवसांच्या उदासीला ‘डिप्रेशन’ म्हणू नये, आणि चार महिन्यांच्या खचण्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. शब्दांचे शिक्षण एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

पण इतिहासाचा धडा विसरून चालणार नाही. ‘मेंटल’ची शिवी झाली कारण त्या शब्दामागे फक्त भिंत होती. ‘डिप्रेशन’मागेही उद्या केवळ पोस्टर आणि भाषणे उरली, दवाखान्यात औषध आणि ऐकणारे माणूस नसले, तर याही शब्दाची गत तीच होईल. आजच ‘काय डिप्रेशनमध्ये आहेस काय?’ असे हिणवणे कानावर येऊ लागले आहे. 2016 मध्ये महापालिका झालेल्या पनवेलने आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात मराठीत ऐकणारा प्रशिक्षित समुपदेशक नेमला पाहिजे, आणि तो नागरिकांनी पाण्यारस्त्याइतक्याच हक्काने मागितला पाहिजे. तोवर एक सोय हाताशी आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. घरात कोणी खचले असेल, किंवा आपल्यालाच जगणे नकोसे वाटत असेल, तर शब्द शोधत बसू नका. फोन लावा आणि जे होते आहे ते जसे सुचेल तसे, आपल्या मराठीत सांगा.